हिशेबनीस कुमारप्पा आणि खेड्याची शिल्लक

३० जानेवारी हा दिवस देशभर महात्मा गांधी यांची पुण्यतिथी म्हणून पाळला जातो. याच तारखेला, १९६० साली, मद्रास येथे गांधीजींच्या एका निकटच्या सहकाऱ्याचे निधन झाले. जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा हे त्यांचे नाव. जन्माने तमिळ, धर्माने ख्रिस्ती, व्यवसायाने लेखापरीक्षक आणि शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ असलेल्या कुमारप्पांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे मात्र विदर्भातील वर्धा येथे, लाकडी घाणे, हातकागद, मधाच्या पेट्या आणि शेणखत यांच्या सहवासात घालविली.

त्यांचे नाव आज पुन्हा आठवण्याचे निमित्त निराळे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानाच्या आधारे अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्हींना चालना देणाऱ्या ‘बायोई३’ धोरणाला मंजुरी दिली. वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव आणि त्यांच्यापासून उरणारे अवशेष यांतून इंधन, अन्न, रसायने व वापराच्या वस्तू निर्माण करणाऱ्या व्यवहारांना एकत्रितपणे ‘बायोइकॉनॉमी’ म्हटले जाते. मराठी वृत्तलेखनात त्यासाठी ‘जैव-अर्थव्यवस्था’ हा प्रतिशब्द वापरला जातो. शब्द अचूक आहे, पण उच्चारताना जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळाच उभी राहते. शासकीय आकडेवारीनुसार देशातील या क्षेत्राची उलाढाल २०१४ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर होती, ती २०२४ पर्यंत १६५ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. हे आकडे प्रभावी आहेत. परंतु या उलाढालीतून खेड्यात किती उरते आणि जमिनीला काय परत मिळते, हा प्रश्न आकड्यांत दिसत नाही. कुमारप्पांनी आयुष्यभर नेमका हाच प्रश्न विचारला.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात अधिकारी होते. घरातील वातावरण शिस्तीचे आणि इंग्रजी वळणाचे होते. कुटुंबाचे मूळ नाव कुमारप्पा असले तरी त्या काळी कॉर्नेलिअस हेच आडनाव लावले जाई. तरुणपणी ते हिशेबशास्त्राच्या शिक्षणासाठी लंडनला गेले, तेथेच परीक्षा उत्तीर्ण होऊन काम करू लागले आणि आईच्या आग्रहाखातर १९१९ मध्ये मायदेशी परतले. मुंबईत काही काळ नोकरी केल्यावर १९२४ मध्ये त्यांनी भागीदारीत लेखापरीक्षणाची स्वतःची पेढी काढली. विलायती कपडे, विलायती शिष्टाचार आणि ब्रिटिश राज्यव्यवस्थेवर बऱ्यापैकी विश्वास, असे त्यांचे त्या वेळचे रूप होते.

या विश्वासाला तडा गेला तो अमेरिकेत. १९२७ मध्ये ते तेथे गेले आणि मिळालेल्या अवकाशाचा उपयोग शिक्षणासाठी करावा म्हणून सिरॅक्यूज विद्यापीठात दाखल झाले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक वित्त हा विषय घेतला. भारत दरिद्री का आहे, या विषयावर त्यांनी एका चर्चमध्ये भाषण दिले आणि त्याचा वृत्तांत वर्तमानपत्रात छापून आला. त्यांचे मार्गदर्शक, ख्यातनाम अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिगमन यांनी तो वाचला आणि प्रबंधासाठी हाच विषय घ्यावा असे सुचविले. बाबासाहेब आंबेडकर यांनाही याच विद्यापीठात याच प्राध्यापकांचे मार्गदर्शन लाभले होते, हे मराठी वाचकांना आठवत असेल. कुमारप्पांनी ब्रिटिश सरकारच्या करवसुलीचे आणि खर्चाचे आकडे मांडले. हिशेब तपासण्याची सवय असलेल्या माणसाला जे दिसायचे ते दिसले. वसूल केलेला पैसा ज्यांच्याकडून येत होता, त्यांच्यासाठी तो खर्च होत नव्हता.

हा प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या इच्छेने ते गांधीजींना भेटले. ९ मे १९२९ रोजी साबरमती आश्रमात झालेल्या या भेटीची हकीकत त्यांनी पुढे सांगितली आहे. ठरलेल्या वेळेआधी पोचलेले कुमारप्पा आवारात फिरत असता एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर सूत काततांना एक वृद्ध गृहस्थ त्यांना दिसले. त्यांचे कातणे पाहत ते उभे राहिले. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनीच त्यांना नावाने ओळखले, तेव्हा कुमारप्पांना उलगडा झाला की आपण ज्यांना भेटायला आलो ते हेच. अंगावरच्या रेशमी सुटासह ते त्या सारवलेल्या जमिनीवर बसले. त्यांचा प्रबंध गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. आडनावही त्यांनी बदलून मूळचे कुमारप्पा असे केले.

गांधीजींनी त्यांच्यावर पहिली कामगिरी सोपविली ती गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याच्या आर्थिक पाहणीची. गुजरात विद्यापीठाच्या वतीने हे काम व्हायचे होते. विद्यापीठाची धुरा तेव्हा मूळचे साताऱ्याचे असलेल्या काका कालेलकर यांच्याकडे होती. गुजरातीचा गंधही नसलेला हा साहेबी थाटाचा पाहुणा खेडुतांशी काय बोलणार, अशी शंका कालेलकरांना आली आणि ती रास्तच होती. गांधीजींच्या मध्यस्थीने काम मार्गी लागले. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कुमारप्पांनी पन्नासहून अधिक गावे पालथी घातली. शेतकऱ्याचे उत्पन्न, कर्ज, बैलांचा खर्च, घरात येणारे आणि घराबाहेर जाणारे धान्य, अशा बारीकसारीक नोंदी जमा झाल्या. सरकार ज्या शेतीवर सारा आकारत होते ती शेती बहुसंख्य घरांना तोट्यातच जात होती, असा निष्कर्ष त्यांतून निघाला.

यानंतर मिठाचा सत्याग्रह झाला. ‘यंग इंडिया’चे संपादन त्यांच्याकडे आले आणि लेखनाबद्दल कारावासही घडला. भारताच्या नावावर ब्रिटनने टाकलेल्या सार्वजनिक कर्जाची छाननी करण्यासाठी १९३१ मध्ये काँग्रेसने नेमलेल्या समितीतही त्यांनी काम केले. या काळाचा तपशील पुष्कळ आहे. मात्र त्यांच्या स्वभावाची ओळख पटते ती बिहारमधील प्रसंगातून.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदत समितीकडे देशभरातून पैसा आला आणि त्याचा हिशेब सांभाळण्यासाठी कुमारप्पांना पाचारण करण्यात आले. स्वयंसेवकांच्या जेवणखर्चावर त्यांनी दररोज ३ आण्यांची मर्यादा घातली. पुढे गांधीजी आपल्या परिवारासह पाटण्याला आले, तेव्हा त्यांच्या मंडळींचा दूधफळांचा व मोटारीचा खर्च या निधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाई यांना कळविले. याच मुक्कामात हिशेबाच्या कामात गढलेल्या कुमारप्पांनी, आधी वेळ ठरविलेली नसल्यामुळे, खुद्द गांधीजींनाही भेट नाकारली असे सांगितले जाते. गांधीजी रागावले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी कुमारप्पांवर आयुष्यातील सर्वांत मोठी जबाबदारी टाकली.

१४ डिसेंबर १९३४ रोजी वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष आणि कुमारप्पा हे संघटक व सचिव. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघाला दिली आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले. सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम काही काळ येथेच होता आणि जवळच्या सिंदी गावात सफाईसाठी त्यांचे सहकारी रोज सकाळी जात असत. वर्ध्याच्या उन्हाळ्याची कल्पना असलेल्यांना, मुंबईतील पेढी सोडून आलेल्या या हिशेबनिसाने काय पत्करले ते वेगळे सांगायला नको.

मगनवाडीत काय चालत असे? भात हाताने सडण्याची साधने सुधारण्याचे प्रयोग चालत. झवेरभाई पटेल यांनी तेलाच्या घाण्यात सुधारणा केल्या आणि तो ‘वर्धा घाणा’ म्हणून प्रसिद्ध झाला. गवत, चिंध्या आणि शेतातील टाकाऊ पदार्थ यांपासून कागद केला जाई. मधमाशा पाळल्या जात, साबण तयार होई, ताडाच्या रसापासून गूळ बने. रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगनदीप’ आणि कमी धुराची ‘मगन चूल’ ही याच आवारातील निर्मिती. कार्यकर्त्यांना प्रशिक्षण मिळे, ‘ग्राम उद्योग पत्रिका’ नावाचे मासिक निघे आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ‘मगन संग्रहालय’ सुरू झाले. स्वतः कुमारप्पांनी धोतर आणि पायजमा यांच्या मधला एक पोशाख शिवून घेतला होता आणि त्याला ते ‘धोतीजामा’ म्हणत.

बाहेरून पाहणाऱ्याला हा जुन्या वस्तूंचा हौशी पसारा वाटे. प्रत्यक्षात त्यामागे एक काटेकोर जमाखर्च होता आणि तो समजून घेतल्याशिवाय कुमारप्पा समजत नाहीत. तेलबियांचेच उदाहरण घेऊ. शेतकऱ्याने शेंगदाणा किंवा तीळ गावच्या घाण्यावर नेला, तर तेल माणसांना मिळते, पेंड जनावरांना मिळते, जनावरांचे शेण शेताला मिळते आणि घाणेवाल्याची मजुरी गावात राहते. तोच माल गिरणीला विकला किंवा परदेशी रवाना झाला, तर हातात रोख पैसा पडतो, परंतु पेंड जाते, तिच्याबरोबर जमिनीचा कसही जातो आणि घाणेवाला बेकार होतो. शेतकऱ्याच्या वहीत ही विक्री जमेच्या बाजूला लिहिली जाते. कुमारप्पांच्या वहीत ती मुद्दलातून काढलेली रक्कम होती. जनावरांची हाडे गोळा करून परदेशी पाठविण्याच्या व्यापारालाही त्यांचा याच कारणासाठी विरोध होता. हाडांचा चुरा करून तो गावच्याच शेतात पडावा, असा त्यांचा आग्रह होता. मैल्याचे खत करण्याच्या प्रयोगांना ते तेलाइतकेच महत्त्व देत. या खताला मराठीत सोनखत असे नाव आहे. आपल्या पूर्वजांनी हिशेबाची ही नोंद भाषेतच करून ठेवली होती, असे म्हणावे लागते.

गुळाच्या बाबतीत त्यांचा युक्तिवाद आजच्या महाराष्ट्राला विशेष जवळचा आहे. ऊस उत्तम जमिनीत, भरपूर पाण्यावर येतो. ताड आणि शिंदी पडीक जमिनीत, बांधावर, पाणी न देता वाढतात. गोडवा ताडातून मिळत असेल, तर धान्य, डाळी आणि भाजीपाला पिकवू शकणारी जमीन उसाखाली का अडकवावी, असे त्यांचे म्हणणे होते. ताडी बंद झाल्यावर बेकार होणाऱ्या झाड चढणाऱ्यांनाही त्यामुळे काम मिळणार होते. एका पदार्थाचा विचार करताना जमीन, पाणी, मनुष्यबळ आणि आहार या चारही रकाने भरल्याशिवाय ते बेरीज मांडत नसत.

मध्यप्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळाच्या निमंत्रणावरून त्यांनी १९३८-३९ मध्ये प्रांताची औद्योगिक पाहणी केली. सहाशेहून अधिक खेड्यांत कार्यकर्ते फिरले. कापूस पिकविणाऱ्या मुलखात कापड बाहेरून येते आणि सरकीही बाहेर जाते, हे वऱ्हाडातील माणसाला ठाऊकच होते, पण शासकीय अहवालात खेड्याच्या बाजूने असा विचार सहसा उतरत नसे. जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय नियोजन समितीवरही त्या सुमारास त्यांची नियुक्ती झाली होती. मोठ्या उद्योगांभोवती फिरणाऱ्या तेथील चर्चेत आपला वेळ वाया जातो, असे वाटून थोड्याच महिन्यांत ते बाहेर पडले. तडजोड हा त्यांचा गुण कधीच नव्हता. समितीत राहून चार गोष्टी पदरात पाडून घेता आल्या असत्या काय, असा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही पडतो.

१९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली. जबलपूरच्या तुरुंगात प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर आणि दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’, म्हणजे टिकाऊपणाचे अर्थशास्त्र. दोन्ही पुस्तकांना गांधीजींनी १९४५ मध्ये प्रस्तावना लिहिल्या आणि आपल्या या सहकाऱ्याला ग्रामोद्योगाचे डॉक्टर अशी पदवीही बहाल केली.

‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक वरवर साधे दिसते. निसर्गात सामग्रीचे दोन प्रकार आहेत, असे कुमारप्पा मांडतात. कोळसा, खनिज तेल आणि धातू हा साठा आहे, तो वापरला की संपतो. जंगल, शेती, जनावरे, वाहते पाणी हा प्रवाह आहे, नीट राखला तर तो वर्षानुवर्षे देत राहतो. साठ्यावर उभारलेले उद्योग आज ना उद्या टंचाईकडे जातात आणि टंचाईतून राष्ट्राराष्ट्रांत संघर्ष पेटतो. म्हणून शक्य तितका व्यवहार प्रवाहाच्या आधारे व्हावा. मुद्दल राखून उत्पन्नावर जगावे, हा कोणत्याही हिशेबनिसाचा पहिला धडा त्यांनी पृथ्वीला लावला, इतकेच. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. सजीव सामग्री वापरली म्हणजे अर्थव्यवहार आपोआप टिकाऊ होत नाही, हे त्यांना ठाऊक होते. प्राणिसृष्टीतील दाखले देऊन त्यांनी अर्थव्यवहाराचे पाच प्रकार सांगितले. वाघ शेळीला मारून जगतो, तेथे उगमच नष्ट होतो. माकड फळे खाते, झाड जगते, पण माकड झाडासाठी काही करत नाही. पक्षी स्वतःच्या कष्टाने घरटे बांधतो. मधमाशी पोळ्यासाठी राबते आणि मध गोळा करता करता फुलांचे परागीभवनही करते. आई मोबदल्याची अपेक्षा न ठेवता देत राहते. वाघ आणि शेळी दोघेही सजीवच आहेत. आजच्या जैव-अर्थव्यवस्थेच्या चर्चेत या वर्गीकरणाचा उपयोग व्हायला हवा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

याच पुस्तकात त्यांनी समतोल शेतीची योजना मांडली. सुमारे एक लाख लोकवस्तीचा प्रदेश घेऊन, तेथील माणसांच्या आहाराला आणि वस्त्राला काय व किती लागते याचे कोष्टक त्यांनी तयार केले आणि त्या प्रमाणात कोणत्या पिकाखाली किती जमीन असावी हे दाखविले. शेतकऱ्याने बाजारभाव पाहून पीक न निवडता परवान्याप्रमाणे पेरणी करावी, असाही त्यांचा प्रस्ताव होता. कागदावर तो निर्दोष आहे. रोख पैशाची चव चाखलेल्या आणि सावकाराच्या तगाद्याने गांजलेल्या शेतकऱ्याने तो का मानावा, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशी समाधानकारक नव्हते.

त्यांच्या हिशेबात आणखी दोन नोंदी राहून गेल्या. भात सडणे आणि दळण दळणे ही कामे घरोघरी बायका करत. गिरणीच्या तांदळातून कोंडा जातो व सत्त्व नष्ट होते, हा कुमारप्पांचा आक्षेप आहारशास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता. तरीही पहाटे उठून मुसळ आणि जाते चालविणाऱ्या स्त्रियांनी गिरणीचे स्वागत केले ते अज्ञानामुळे नव्हे. त्यांच्या खांद्यांचा शीण कोणत्याच रकान्यात लिहिला गेला नव्हता. दुसरी नोंद जातीची. मगनवाडीत रहिवासी आपले संडास आपणच साफ करत, परंतु कुंपणाबाहेरच्या खेड्यात मैला कोणी वाहायचा, मेलेले ढोर कोणी ओढायचे हे जन्मानेच ठरलेले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर यांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली, ती या अनुभवातूनच. सेलिगमन यांच्या दोन भारतीय विद्यार्थ्यांनी खेड्याकडे किती निरनिराळ्या जागांवरून पाहिले, हे लक्षात घेतल्यावाचून कुमारप्पांचे चरित्र पूर्ण होत नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. जुलै १९४९ मध्ये सादर झालेल्या अहवालात मध्यस्थांचे उच्चाटन, जमीनधारणेवर कमाल मर्यादा, कुळांना संरक्षण आणि लहान शेतकऱ्यांसाठी सहकारी शेती अशा शिफारशी होत्या. कसणाऱ्याकडे जमीन असल्याखेरीज खत, बियाणे, घाणा हे सारे व्यर्थ आहे, याची जाणीव या अहवालात स्पष्ट दिसते. मर्यादा आणि कूळकायदे पुढे राज्याराज्यांत आले, अनेक ठिकाणी पळवाटांसह आले.

नव्या सरकारशी त्यांचे सूर जुळले नाहीत. रासायनिक खते आणि ट्रॅक्टर यांवरील भर त्यांना मान्य नव्हता. बैल ओढतो, शेण देतो आणि त्याचा वंश पुढे चालतो, ट्रॅक्टर यांपैकी पहिले एकच काम करतो आणि त्यासाठी बाहेरून तेल मागतो, अशी त्यांची मांडणी होती. दिल्लीत नियोजनविषयक बैठकीला ते टांग्यातून निघाले असता पोलिसांनी अडविले, याविषयी त्यांनी प्रधानमंत्री नेहरूंकडे तक्रार केली आणि मोटारींमुळे जनावरांच्या गाड्यांना धोका असेल तर रस्ता मोटारींना बंद करावा असे सुनावले, ही कथा गांधीवादी वर्तुळात आवडीने सांगितली जाते. नेहरूंना आणि देशालाही तेव्हा पोलाद, धरणे आणि पोटभर धान्य हवे होते. १९४३ चा बंगालचा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला खतांचे कारखाने नकोत असे सांगणे अवघड होते, हेही खरे.

कुमारप्पा दिल्लीपासून दूर झाले. वर्ध्याजवळ सेलडोह येथे पन्नई आश्रम काढून त्यांनी समतोल शेतीचा प्रयोग आरंभिला. चीन, जपान आणि सोव्हिएत संघाचे दौरे केले. चीनमधील जमीनसुधारणांनी ते प्रभावित झाले आणि त्यामुळे कम्युनिस्टांकडे झुकल्याचा आरोपही त्यांना ऐकावा लागला. रक्तदाबाच्या विकाराने प्रकृती साथ देईना, तेव्हा ते मदुराई जिल्ह्यातील टी. कल्लुपट्टी येथील गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. त्यांच्या झोपडीत दोन चित्रे होती. एक गांधीजींचे आणि दुसरे एका गरीब खेडुताचे. पहिले आपल्या गुरूचे आणि दुसरे गुरूच्या गुरूचे, असे ते पाहुण्यांना सांगत. ते अविवाहित होते. त्यांचे बंधू भारतन कुमारप्पा हेही ग्रामोद्योग संघात त्यांच्या बरोबरीने राबले होते.

त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, १९७३ मध्ये, ई. एफ. शूमाकर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्यातील बौद्ध अर्थशास्त्रावरील प्रकरणात कुमारप्पांचा उल्लेख आहे. परदेशातील अनेकांना त्यांचे नाव तेथून कळले. भारतात ग्रामोद्योगांचे काम खादी व ग्रामोद्योग आयोगाकडे आले. अनुदान आणि विक्री केंद्रे वाढली. कोणती सामग्री कोठून येते आणि कोठे परत जाते, हा मूळ प्रश्न मात्र प्रशासकीय कामकाजात मागे पडला.

तो आता वेगळ्या वाटेने परत आला आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. खनिज तेलाचा साठा वाचवून शेतीच्या प्रवाहातून इंधन मिळविण्याचा हा प्रयत्न कुमारप्पांच्या विचाराशी वरकरणी जुळणारा आहे. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये पावसाअभावी साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारला निर्बंध घालावे लागले. २०२४-२५ च्या हंगामासाठी ते मागे घेण्यात आले. सोलापूर आणि मराठवाडा यांसारख्या अवर्षणप्रवण भागांत उसाला लागणारे पाणी इंधनाच्या हिशेबात कोणी धरायचे, हा त्यांचा ताडगुळाचाच प्रश्न आहे. याउलट २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोबरधन आणि ‘सतत’ या योजनांखालील जैववायू प्रकल्पांत शेण व शेतातील अवशेष यांपासून वायू मिळतो आणि उरलेली मळी खत म्हणून शेतात परत जाऊ शकते. ती खरोखर जाते की नाही आणि शेण विकणाऱ्या घराला काय मिळते, हे प्रत्येक प्रकल्पाच्या दारात उभे राहून तपासावे लागेल. कुमारप्पांनी मातर तालुक्यात तेच केले होते.

वर्ध्याची मगनवाडी आजही आहे. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था याच आवारात असून जैव-प्रक्रिया, ग्रामीण ऊर्जा, खादी आणि हस्तकला या विषयांवर तेथे काम चालते. मगन संग्रहालयात चरखे, घाणे आणि ग्रामोद्योगांची अवजारे पाहता येतात. हे संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे, त्याला कुमारप्पा मार्ग असे नाव आहे.